राखेचं पाणी

नाही काका, ती जुडी नका काढू. हात लावा, पाहा, वास घ्या, त्याचं काही नाही — पण काढू नका. ही भाजी तुमाले द्यायची नाही मले. राग नका मानू. तुम्ही नंदिनीहून आले, एवढ्या उन्हात, गाडीवर, ते समजते मले. आईनंच सांगितलं असन न तुमाले? डायलिसिसच्या तिथं, बाकड्यावर बसून? सांगतेच ती सगळ्याइले. माह्या मोनूची भाजी न्या, पाण्यावरची आहे, जैविक आहे, पेशंटले चालते. नंबरपण देते. तुम्ही चौथे आहात. पहिल्या तिघाइले मी फोनवरच सांगितलं, कीड लागली म्हणून. तुम्ही फोन न करता आले, तर आता काय सांगू — कीड तर दिसून नाही राहिली कुठं. पानं पाहा कशी आहेत, तळहाताएवढी.

बसा न. ती नाही, तिचा पाय मोडका आहे, ही खुर्ची घ्या. हे पाणी घ्या. भरून घ्या — मी थोडंच घ्या म्हणणार होतो, सवय लागली आहे. अडीच-तीन वर्षं आमच्या घरी पाणी मोजून होतं. बाबाले दिवसाले एक लिटर, त्यातच चहा, त्यातच वरण. मंग त्यायच्या समोर आम्हीपण ग्लास भरून पीत नव्हतो, आई अन् मी मोरीत जाऊन प्यायचो, चोरासारखे. तुमच्या घरीपण तसंच असन. काकूले किती दिवस झाले? आठ महिने. मंगळ-गुरू-शनी का सोम-बुध-शुक्र? मंगळवारवाले. आमचंपण तेच होतं. म्हणजे शनवार ते मंगळवार दोन दिवस मधात बिना डायलिसिसचे जातात. ते दोन दिवस सांभाळा काका.

आई नाही घरी. शालूकाकूकडे कुरड्या घालून राहिल्या आज, बाजूच्या गल्लीत, चीक संपला की येईल. त्याच्या आधी तुमाले सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही जाल. मले जास्त बोलता येत नाही, बाबा म्हणत हा पोट्टा बोलते तेव्हा समोरच्याले झोप येते. मी दहावीत शाळा सोडली. नापास नाही झालो, परीक्षेलेच नाही गेलो — तोंडी परीक्षा होती पहिली, उभं राहून सांगायचं होतं सगळ्यासमोर, तर मी सायकल घेऊन सुपेल्यापर्यंत गेलो अन् तिथंच एका वेल्डिंगच्या दुकानात दिवसभर पाहत बसलो. दुसऱ्या दिवशीपण तिथंच गेलो. मंग तिथंच कामाले लागलो. बाबाले बारा दिवसानंतर समजलं. मारलं नाही. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनले होते, कोळशाच्या भट्टीवर, तीस वर्षं, आमच्या पूर्ण खानदानात पहिला माणूस जो शेत सोडून फॅक्टरीत आला, अन् त्याइले वाटे पोरगा ऑफिसात बसन. ते एवढंच म्हणले की ठीक आहे, लोखंडच नशिबात आहे. अन् त्याच्यानंतर माह्याशी कामापुरतं बोलत. मीपण कामापुरतंच. चांगलं चालत होतं तसं.

भाजीचं कसं सुरू झालं तर बाबाच्या किडन्या गेल्या. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, प्लांटचं क्वार्टर सोडून इथं कॅम्प मोहल्ल्यात हे घर घेतलं होतं. डॉक्टरनं कागद दिला, हे खायचं नाही, हे खायचं नाही — तुमच्याजवळ असनच तो कागद. केळ नाही, नारळपाणी नाही, टमाटर नाही, आलू नाही, अन् पालेभाजी तर एकदम नाही. बाकी सगळं बाबानं सोडलं हो. तंबाखू सोडली. पण भाजी — आता भंडाऱ्याकडचा माणूस, लहानपणापासून दोन वेळ ताटात भाजी, अन् इथं छत्तीसगडात येऊन तर काय, चेच भाजी, लाल भाजी, खट्टा भाजी, बाजारात पंधरा जातीच्या भाज्या. बाबा स्वतः जाऊन आणत, निवडतपण स्वतःच. तो माणूस चार महिने कोबी अन् दुधी खाऊन राहिला. दुधीपण उकडून पाणी फेकलेली. एक दिवस ताट सरकवलं, अन् आईले म्हणले, हे तू बैलाले तरी देशील का. आई मोरीत जाऊन रडली. मी तिथंच होतो, जेवत होतो. जेवत राहिलो.

मंग मी मोबाइलवर पाहिलं. मले लोकाइले विचारता येत नाही, मोबाइलले विचारता येते. तिथं दाखवत होते, पाण्यावर भाजी लावतात, माती नाही, अन् एका देशात तर किडनीच्या पेशंटसाठी वेगळी भाजी पिकवतात म्हणे, पोटॅशियम कमी असलेली. पाइप मले कापता येतात, जोडता येतात, स्टँड वेल्ड करता येते, ते तर माहं कामच होतं. हे सगळं मीच केलं, आठ दिवसात. खाली टाकी, तिच्यात मोटर, पाणी वर चढते, पाइपातून उतरत उतरत पुन्हा टाकीत येते. पण पाण्यात काय टाकायचं ते समजे ना. तेव्हा अभिनव सर भेटले. शेतीच्या कॉलेजात शिकवत. दुकानात गेट बनवायले आले होते, मी दोन दिवस त्यायच्या मागं मागं फिरलो अन् काही बोललो नाही, तिसऱ्या दिवशी त्याइनंच विचारलं की तुले काय पाहिजे बाबू. देवमाणूस. घरी आले, छतावर चढले, बाबाचे रिपोर्ट पाह्यले. त्याइनं मले तीन कॅन दिले, अ, ब अन् क. महिनाभर अ अन् ब टाकायचं, अन् काढायच्या आधीचे पंधरा दिवस अ बंद, क चालू, पाणी पूर्ण बदलून. का, ते त्याइनं सांगितलं होतं. इथंच उभं राहून, अर्धं हिंदीत अर्धं इंग्लिशमध्ये. मी मान हलवली. समजलं नाही तरी मान हलवायची सवय मले शाळेपासून.

पालकाची भाजी झाली. सराइनं कॉलेजात नेऊन तपासली, म्हणले बाजारच्या पालकाच्या तीनातला एक हिस्सा पण नाही पोटॅशियम. डायटिशियन बाईनं पाहिलं, रिपोर्ट वाचला, अन् म्हणली की चालेल, हप्त्यातून तीनदा, एक एक वाटी. पाणी फेकायचीपण गरज नाही. मंग आईनं पातळ भाजी केली, चण्याची डाळ टाकून, बेसन लावून, वरून लसणाची फोडणी. बाबा जेवले. दोन वर्षं जेवले काका. रिपोर्ट सगळे ठीक. आई जे सांगते न बाकड्यावर बसून, ते खोटं नाही. ती या दोन वर्षाचं सांगते. तिले एवढंच माहीत आहे.

पण चव नव्हती. बाबा म्हणत, पाण्यात पोहलेली भाजी आहे, अंगाले काही लागलं नाही तिच्या. माह्यासमोर नाही म्हणत, आईजवळ म्हणत, पण घर केवढं आहे, ऐकू येते. अन् ते दिवसभर खाटेवर, हातात मोबाइल, त्याच्यात सगळे सांगून राहिले की रासायनिक म्हणजे जहर, जैविक म्हणजे अमृत. एकदा बाबा वर मान न करता म्हणले, "माह्या बापानं शेणावर भाजी पिकवली. तू बाटलीवर पिकवून राहिला." झालं, एवढंच. मी वर आलो अन् कॅन पाहिले. अ अर्धा होता. क संपत आला होता. अन् सराइची बदली झाली होती जगदलपूरले. फोन करून मागता आले असते. नाही मागितले. म्हटलं, आपण शेणावर करू.

जैविक पाण्यावर करणं सोपं नाही काका, हे मी तुमाले अभिमानानं नाही सांगून राहिलो, खरं आहे म्हणून सांगतो. कॅनमधलं खत झाड सीधं पिऊन घेते. ढेप, म्हणजे तेल काढल्यावरची पेंड, झाडाले सीधी खाता येत नाही. ढेप आधी सडाव लागते, मंग पाण्यातले जिवाणू तिले फोडतात, मंग झाडाले भेटते. त्याले टाइम लागते. मी जवसाची ढेप अन् गांडूळखत ड्रममध्ये भिजवलं, माशाच्या टाकीत हवेचे बुडबुडे सोडतात न, ती मशीन लावली. पहिले दहा दिवस असा वास सुटला की शालूकाकू गल्लीतून ओरडल्या, "मोन्या, तुह्या छतावर कोण मेलं रे?" सगळी गल्ली हसली. पहिल्या खेपेले झाडं मेली. मुळ्या काळ्या झाल्या, पाइपात शेवाळासारखा चिकट गाळ धरला, मोटर जाम. सगळे पाइप उतरवून धुतले. दुसऱ्या खेपेले ड्रमच्या तोंडाशी नारळाच्या काथ्याचा थर दिला, आईच्या जुन्या लुगड्यातून दोनदा गाळलं, अन् वीस दिवस हातच नाही लावला. एकविसाव्या दिवशी झाकण उघडलं तर वास नाही. म्हणजे वास होता, पण ओल्या मातीचा. मी तिथंच बसून राहिलो कितीतरी वेळ. माती नव्हतीच न त्याच्यात, अन् वास मातीचा.

मंग पाणी आंबट व्हायले लागलं. ते होतेच, जिवाणू काम करतात तर पाणी आंबट होते. कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग पाहत होतो मी. जैविकवाल्याइचा एक ग्रुप आहे मोबाइलवर, तिथं विचारलं — लिहून विचारता येते मले. ते म्हणले राख टाक. सुपेल्यात एक होटल आहे, भट्टी लाकडाची, तिथून राख आणली, रात्रभर पाण्यात ठेवून निवळी टाकली. पट्टी एकदम बरोबर आली. पंधरा दिवसानं पानाच्या कडा जळायले लागल्या, खालच्या पानाच्या. पुन्हा विचारलं. ते म्हणले केळाच्या साली गुळात सडव अन् ते पाणी दे. फळवाल्याकडून साली आणल्या, फुकट. आठ दिवसात पानं अशी झाली. ही पाहून राहिले न तुम्ही, अशीच. काळी-हिरवी, जाड, मोडली तर कट्ट आवाज येते.

तुम्ही पाहून राहिले माह्याकडे. तुमाले समजलं. तुम्ही आठ महिन्यात शिकले अन् मी दोन वर्षात नाही शिकलो.

केळ खायचं नाही हे मले पाठ होतं काका. कागदावर पहिल्याच नंबरले होतं. कोणी घरी केळ आणलं तर मी स्वतः उचलून शेजारी देऊन येत होतो. पण केळाची साल झाडानं खाल्ली तर — ते झाडाचं जेवण अन् हे बाबाचं जेवण, असं माह्या डोक्यात होतं. मधात भिंत होती. अन् मले वाटे पोटॅशियम मातीतून येते. माती नाही तर पोटॅशियम नाही. म्हणून तर पाण्यावर करतात, असं समजून राहिलो होतो मी, दोन वर्षं. तो क नंबरचा कॅन काय होता? मले वाटे टॉनिक असन, शेवटी शेवटी देतात तसं. त्याच्यात पोटॅशियम नव्हतं, हेच त्याचं काम होतं. शेवटचे पंधरा दिवस झाडाले उपाशी ठेवायचं त्या एका गोष्टीवाचून. अन् मी दोन्ही हातानं तेच टाकून राहिलो होतो. राखेत तेच. गुळात तेच. केळात तर विचारूच नका.

नाही, थांबा, आत्ता नका उठू. एवढंच असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं कोणाले. एवढं तर माफ करतात लोक, पोरगा शिकला नाही, चुकला. असं असतं न?

बाबा त्या भाजीसाठी छतावर आले. दोन वर्षात पहिल्यांदा. पायऱ्या चढताना तीन वेळा बसले, आई मागून धरून होती. तुम्ही बसले त्याच खुर्चीवर बसले, अन् पान तोडून दोन बोटात चुरलं, नाकाजवळ नेलं.  त्या दिवशी जेवताना आईले म्हणले, आज वाटी भरून दे. ते तीन हप्ते असेच गेले. बाबा जेवत, अन् जेवण झाल्यावर मले काहीतरी विचारत. ढेप कुठून आणली. ड्रम केवढा आहे. आमच्याकडे धानाच्या बांधावर अंबाडी व्हायची, ती होईल का पाण्यावर. मी सांगत होतो. मले बोलता येत होतं, काका. मी एकदा पाच-सहा मिनिटं बोललो असन, एका दमात, जिवाणूबद्दल, अन् बाबा ऐकून राहिले होते, त्याइले झोप नाही आली.

डायलिसिसवाल्या बाईनं एकदा म्हटलं होतं की बाबाजी, पोटॅशियम वर चाललं आहे, काय खाऊन राहिले. बाबा म्हणले, काही नाही, पोराची भाजी. ती म्हणली मंग ती तर ठीक आहे. तिलेपण माहीत होतं न, दोन वर्षापासून.

शनवारी मी सराइले फोटो पाठवला. दाखवायले. संध्याकाळी त्याइचा फोन आला, खूश होते, म्हणले मोनू, तू तर कमाल केली, मोठमोठ्याइले जमत नाही ढेपेवर, मुळ्या सडतात. मंग विचारलं, काय काय टाकलं. मी सांगितलं. राख म्हटलं तेव्हा त्याइनं विचारलं, किती. केळ म्हटलं तेव्हा म्हणले थांब. अन् मंग हळू हळू समजावलं, साध्या हिंदीत, एक एक शब्द, या वेळेस मान हलवायले समोर कोणी नव्हतं म्हणून मी ऐकलं. पूर्ण समजलं. शेवटी त्याइनं विचारलं, "बाबाले तर नाही देऊन राहिला न हे?"

मी म्हटलं, "नाही सर."

ते म्हणले देऊ नको, एक पानपण नको. मी हो म्हटलं.

हे शनवारी संध्याकाळी. बाबा सकाळीच डायलिसिस करून आले होते, झोपले होते. मी खाली आलो. म्हटलं उद्या सकाळी सांगू. सकाळी ते चांगल्या मूडमध्ये होते, दाढी करून राहिले होते. दुपारी आईनं ताट वाढलं, पातळ भाजी होती, पाणी तर ती फेकतच नव्हती, कावून फेकेल, डायटिशियन बाईनंच सांगितलं होतं नको फेकू. मी समोर बसलो होतो. म्हटलं आता बोलतो. शब्द तयार होते, बाबा, ही भाजी नका खाऊ. सहा शब्दपण नाहीत. बाबानं पहिला घास घेतला, अन् आईकडे नाही, माह्याकडे पाहिलं. म्हणले, "आता लागली भाजीसारखी. माह्या बापाच्या हातची लागे अशी."

मी दहावीत शाळा सोडली तेव्हापासून, काका, बारा वर्षं. बारा वर्षात हे एक वाक्य.

मी पोळी मोडली. आईनं दुसरी वाटी वाढली. मी पाहिलं. म्हटलं एका दिवसानं काय होते, तीन हप्ते झाले, अजून एक दिवस. मंगळवारी डायलिसिस आहे, निघून जाईल सगळं. मंगळवारपासून बंद करू, सांगू की कीड लागली. असं मी म्हटलं मनात. मी ताटपण संपवलं माहं. संध्याकाळी बाबानं पुन्हा तीच मागितली.

सोमवारी सकाळी ते खाटेवरून उठले, चप्पल पाहत होते पायानं, अन् बसले परत. मंग आडवे झाले. आई चहा घेऊन आली तोवर झालं होतं. डॉक्टर म्हणले या पेशंटचं असं होते, हृदय बंद पडते, कोणाच्या हातात नाही. कोणी काही विचारलं नाही. भाजीचं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? मले नाही माहीत. अन् त्याच्यानंच झालं का, तेपण नाही माहीत, सर म्हणले असं पक्कं सांगता येत नाही. हो, सराइले सांगितलं नंतर. शेवटी म्हणले पाइप धुवून ठेव.

नाही धुतले. तीन महिने होत आले. आई अजूनपण मंगळवारी दवाखान्यात जाऊन त्या बाकड्यावर बसते, अन् रोज वर येते, हे पान पाहते, ते पान पाहते, म्हणते त्यायचीच भाजी आहे, बंद नको करू. तर रोज मोटर चालू करतो, पट्टी बुडवतो, राख टाकतो. रडायले येत नाही मले. लोकाइले वाटते मजबूत पोट्टा आहे. मी जेवतो, झोपतो, दुकानात जातो. बस, पाण्यासारखं आहे, फिरून फिरून त्याच टाकीत. आईनं, बाबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, डबा भरून भाजी दिली शालूकाकूकडे, म्हणली, माह्या हातची शेवटची खाऊन गेले. माह्या हातची. तिले कसं सांगू? मी म्हटलं की भाजीत होतं, तर तिले एवढंच ऐकू येईल की वाढली कोणी. दुसरी वाटी कोणी दिली.

म्हणून नाही देत तुमाले. समजलं न? अन् ते उकडून पाणी फेकलं तर चालेल का, हे मले नका विचारू. थोडं निघते, सगळं नाही, किती निघते ते मी नाही सांगू शकत. डायटिशियन बाईले विचारा तिथल्या. काकूची इच्छा आहे, समजते मले. आठ महिने झाले, भाजीचं तोंड नाही पाहिलं. बाबाचीपण होती. सराइचा नंबर देतो, त्याइले म्हणा क कॅनवाली भाजी पाहिजे, ते सांगतील कोण करते. मी नाही करणार. करता येते, पण नाही करणार.

आवाज आला. गेट वाजलं. आईच आहे. काका, तिच्यासमोर काही नका — हो आई, वरच आहो! पाहुणे आहेत, नंदिनीचे! येऊन राहिली ती. तुम्ही असं करा, म्हणा सहज आलो होतो.

ये. सावकाश चढ. हे ते काका, तू नंबर दिला होता न, काकूचं मंगळ-गुरू-शनी असते ते. चीक आणला? दे काकाले, घ्या काका, गरम आहे, तेल टाकलं आहे वरून. चीक चालते तुमाले, तुमाले सगळं चालते. नाही आई, भाजी नाही दिली अजून. काही नाही, बोलत बसलो होतो. हो, मी. मीच बोलत होतो, काका ऐकत होते. कशाबद्दल काय, असंच.

कैची कावून घेतली? राहू दे न. काकाले घाई आहे, ऊन चढलं. अजून लहान आहे ती जुडी. ती खालची — तीपण लहान आहे. कीड आहे तिच्यात. कुठं म्हणजे, आतून असते. काका, ती उगाच मनानं नाही सांगून राहिली, खरंच दोन वर्षं खाल्ली बाबानं, बिनघोर न्या म्हणते ती, तिचं काही चुकत नाही —

पिशवी कावून उघडली तुम्ही? तिचं मन राखायले? घरी नेऊन फेकणार तुम्ही, ठीक आहे. अन् काकूनं पाहिली तर? जुडी हिरवीगार, आईनं दिलेली, अन् तिनं म्हटलं की एकच वाटी करा — तुम्ही नाही म्हणाल? पक्कं? माह्याकडे पाहून सांगा.

पाहा, तुमालेपण नाही येत बोलता.

आई. थांब. कापू नको.

नाही, कीड नाही. कैची ठेव खाली. इथं बस, या खुर्चीवर, तिचा पाय ठीक आहे.

काका, तुम्ही जा आता. पायऱ्याइवर पाइप आहे, पाहून उतरा. गेट ओढून घ्या. मले आईशी बोलायचं आहे.